कृपया घरी येऊ नये

"वीस वर्षं जेवण नेऊन दिलं हिनं त्यायच्या दारात. एक तरी आलं का?"

स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि मी जिन्यावर होते, हातात धुतलेल्या टॉवेलांची टोपली घेऊन. बोलत होत्या त्या काकांच्या थोरल्या बहीण. काकू गेल्याचं कळल्यावर नागपूरहून आलेल्या. त्यांना सगळे आत्या म्हणत, म्हणून मीही.

"आपल्याकडे तं भांडण असलेलं माणूसही येते मयतीच्या घरी. आणि हे पाहा, शेजारचे. भिंतीला भिंत लागून आहे."

"जाऊ दे ताई," काका म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सगळ्या अस्थी तिकडेच नेतो मी. इथे ठेवण्यासारखं काही नाही."

मी होते त्याच पायरीवर बसले. थोड्या अस्थी इथल्या, आयर्लंडमधल्या, बॉइन नदीत सोडाव्यात असं काकूंचं म्हणणं होतं. त्यांनी ते लिहून वगैरे ठेवलेलं नव्हतं. नदीकाठच्या वाटेवर चालताना त्या अधूनमधून म्हणत, "मला अर्धी इथेच ठेवा रे बाबा, माझी अकरा घरं आहेत इथे," आणि काका म्हणत, "आधी वजन कमी कर, मग अर्धी कर." अशा गमती आम्ही कितीदा तरी ऐकल्या होत्या. आता त्यातली एकच गोष्ट करायची उरली होती, आणि काका ती करणार नव्हते.

तो रविवार होता, अकरावा दिवस. मंगळवारी तेरावा, बुधवारी विमान. वर माझ्या खोलीत, ऑफिसच्या बॅगेत, एक पांढरं पाकीट होतं. त्यावर काकांचं नाव होतं आणि ते गुरुवारपासून माझ्याकडे होतं. लोक का आले नाहीत हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. ते आले नाहीत, कारण मी त्यांना येऊ दिलं नव्हतं.

*

मी काकूंकडे राहायला आले त्याला तीन वर्षं झाली. नोकरी लिक्सलिपला, पण तिथे जागा मिळेना. पुण्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने नावनमधल्या या डॉक्टरांच्या घरातली वरची मागची खोली मिळाली. काका इथल्या हॉस्पिटलमध्ये, काकू घरी. मूलबाळ नाही. पहिल्याच दिवशी काकूंनी मला घर दाखवलं. "इथे बॉयलर, इथे इस्त्री, डाळी-तांदूळ या प्रेसमध्ये." प्रेस म्हणजे इथल्या भाषेत कपाट. मला वाटलं त्या इस्त्रीबद्दलच अजून काही सांगताहेत, पण विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

पहिले तीन महिने मी खोलीतच जेवले. काहीतरी गरम करून वर न्यायचे आणि दार लावून घ्यायचे. काकूंनी एकदाही दार वाजवलं नाही. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजायची, ताट ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मग खालून हाक, "पोळी गार होतेय गं." मी दार उघडेपर्यंत त्या स्वयंपाकघरात परत गेलेल्या असायच्या. ताटावर झाकण. झाकणाखाली कधी झुणका, कधी पातोडीची भाजी, आणि एका कोपऱ्यात लिंबाची फोड. चौथ्या महिन्यात मी ताट घेऊन खाली गेले आणि टेबलाशी बसले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तूप आहे तिथे," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी मला सुनावलं असं एकदाच झालं. दाराची बेल वाजत होती, त्या मागे कपडे वाळत घालत होत्या, आणि मी आतल्या खोलीत श्वास रोखून बसले होते. मला बेलची भीती वाटते. लहानपणापासून. दाराशी कोण असेल, काय बोलावं लागेल, कुठल्या भाषेत. शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की आजी रुसायची, त्यामुळे गप्प बसणं मला लवकर जमलं. बेल थांबली. काकू आत आल्या तेव्हा हातात टपालवाल्याची चिठ्ठी होती.

"घरात होतीस ना?"

"हो."

"कोणी दारात आलं की दार उघडायचं. बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण उघडायचं."

पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र ते वाक्य विसरले नाही, आणि तरी पुढे जे करायचं नव्हतं ते केलंच.

*

मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेअकराला त्या घरातून निघत. गावातल्या सेंटरमध्ये वयस्कर माणसांसाठी जेवण शिजतं. ज्यांना तिथवर येता येत नाही त्यांना ते घरपोच द्यायचं. त्याचे पैसे मिळत नाहीत. काकूंकडे अकरा घरं होती. त्यांची छोटी निळी गाडी, मागच्या सीटवर जेवण गरम ठेवणारी मोठी लाल पेटी, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं स्टिअरिंग. गाडी इतकी हळू चालवत की मागे रांग लागे. "लागू दे," त्या म्हणत. "त्यांना कुठे जायचंय? मला जेवण गरम पोचवायचंय."

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मला गाडीत बसून राहायचं होतं; पहिली दोन घरं बसलेही. तिसऱ्या घरी त्यांनी खिडकीवर टकटक केली. "पाणी घेऊन ये, माझे दोन्ही हात भरलेत."

त्या घरात एक आजोबा राहत होते, एकेकाळी शाळांच्या खिडक्या रंगवायचं काम करणारे. संधिवाताने त्यांची बोटं आत वळली होती. काकूंनी ट्रे ठेवला, वरचा कागद काढला, हाताच्या पाठीने वाफ पाहिली. मग पर्समधून फडक्यात गुंडाळलेली सुरी आणि काटा काढला आणि ताटातल्या मांसाचे बारीक तुकडे करायला लागल्या. एका रेषेत, एका मापाचे, भेंडी चिरावी तसे. आयुष्यभर अंडंही न खाल्लेली बाई. आजोबा मला म्हणाले, "तुझी आई अख्ख्या परगण्यात सगळ्यात चांगलं कापते." मी 'आई नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण काकूंनीच सांगितलं, "ही अजून हळू चालवते हो माझ्यापेक्षा, म्हणून मी घेऊन आले." ते दोघं हसले. मला गाडी येतच नव्हती.

बाहेर आल्यावर त्यांनी अंगणातल्या नळाखाली सुरी-काटा धुतला, फडक्यात गुंडाळला.

"तुम्हाला काही वाटत नाही?" मी विचारलं.

"पहिल्या वेळी वाटलं. घरी जाऊन अंघोळ केली. दुसऱ्या वेळी फक्त हात धुतले." त्यांनी गाडी सुरू केली. "त्याची बायको कापून द्यायची. ती गेल्यावर तो तसंच अख्खं टाकून देत होता. मग काय करायचं, मी माझ्या धर्माकडे बघत बसू?"

प्रत्येक घरी असंच काहीतरी. एकीच्या औषधाच्या डबीची झाकणं उघडून ठेवायची, एकीला चष्मा शोधून द्यायचा, एकाच्या मांजरीची चौकशी करायची. "ग्रँड का?" त्या दारातूनच विचारत, म्हणजे 'बरं आहे ना', इथल्या लोकांसारखं, पण त्यांचा 'ग्रँड' थेट नागपुरातून यायचा. आतून उत्तर यायचं, "ग्रँड, ग्रँड." अकरा घरांना दोन तास लागायचे. इतर स्वयंसेवक म्हणे पन्नास मिनिटांत येत.

घरी परतून त्या काकांचा दुसऱ्या दिवसाचा डबा ठरवत, मराठी मंडळातल्या कुणा बाळंतिणीसाठी अळीव भिजत घालत, आणि ओट्याशी उभ्यानेच जेवत. मी काही म्हटलं तर, "बसले की उठायचा कंटाळा येतो." त्या थकल्या आहेत असं मला कधी वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हे मी आता विचारते.

*

त्या गेल्या त्या दिवशी गुरुवार होता. मी घरूनच काम करत होते. खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे नंतर कळलं. काकांच्याच हॉस्पिटलमध्ये, संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गृहस्थ घरी आले. काळा कोट, हळू आवाज, हातात वही. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. इतकी वर्षं त्यांनी मृत्यू वॉर्डाच्या दारापर्यंत पाहिला होता. दाराबाहेर काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं. त्या गृहस्थांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला विचारा. तिचं इंग्रजी चांगलं आहे." काकांचं इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं. त्यांना फक्त बोलायचं नव्हतं. मी त्या गृहस्थांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

इथे कुणी गेलं की सूचना निघते. ती इंटरनेटवर येते आणि स्थानिक रेडिओवर वाचून दाखवतात. म्हातारी माणसं ती रोज ऐकतात, कोण गेलं, कुठे, कधी यायचं. लोक घरी येतात, रांगेने हात मिळवतात, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणतात, आणि त्यांना चहा आणि सँडविच देतात. ज्यांना हे नको असतं ते सूचनेत 'हाऊस प्रायव्हेट' असं घालतात. म्हणजे, कृपया घरी येऊ नये. मला हे सगळं नीट माहीत होतं. ऑफिसमधल्या मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा मी ते वाचलं होतं.

"घरी लोकांनी यायचं ना?" त्यांनी विचारलं. लिहायला पेन टेकवलं होतं.

माझ्या डोक्यात आलं ते असं. घरात सुतक. चूल पेटणार नाही. मराठी मंडळी येतील ती पाणीही न घेता बसतील आणि निघताना 'येतो' न म्हणता उठून जातील, त्यांना कळतं. पण ही सगळी माणसं येतील, कोट काढतील, चहाची वाट बघतील, आणि काकूंच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी चहा न घेता जाईल. त्यांना काय समजावणार, कोण समजावणार. मी म्हटलं, "नाही. घरी नको. अंत्यविधीही फक्त जवळच्यांपुरता ठेवा."

चहाचं कारण खरं आहे. पण ते दुसरं कारण आहे. पहिलं कारण हे की काका जिन्यावर बसले होते आणि दाराशी उभं राहणं माझ्यावर येणार होतं. पन्नास बेल. पन्नास हात. त्यांनी वहीत दोन शब्द लिहिले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. काकू जाऊन सोळा तासही झाले नव्हते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आपल्या लोकांना निरोप ग्रुपवर गेला होता. ती सूचना त्यांच्यापैकी कुणी पाहिलीही नाही, काकांनीही नाही. डब्लिनहून आले, लिक्सलिपहून आले, शॅननहून एक जोडपं तीन तास गाडी चालवत आलं. गावातलं मात्र कोणी आलं नाही. माझं सगळं सुरळीत पार पडलं असं मी स्वतःला सांगत होते.

मग उंबऱ्यावर वस्तू दिसायला लागल्या. शनिवारी सकाळी फडक्यात गुंडाळलेला सफरचंदाचा टार्ट, पत्र्याच्या डब्यात. सोमवारी स्कोन, इथले गोडसर छोटे पाव. मग नुसत्याच पिवळ्या फुलांची जुडी, जॅमच्या बरणीत. चिठ्ठी नाही, बेल नाही. आत्यांनी डबा उचलून नाकाजवळ नेला. "कोण ठेवून पळून राहिलं हे? अंडं असन यात." काका दारात उभं राहून रस्त्याकडे बघत राहिले. "शेजारच्यांचा डबा आहे हा. दार वाजवायचीसुद्धा तसदी नाही," ते म्हणाले. पत्रपेटीतून कार्डं पडत होती. त्यांनी ती न उघडता रबर लावून फ्रिजवर ठेवली.

लोक माझे दोन शब्द अक्षरशः पाळत होते. आणि काका तो अपमान समजत होते. मी मधे उभी होते आणि टॉवेल धूत होते. त्या आठवड्यात मी घरातले सगळे टॉवेल धुतले, काही दोनदा.

गुरुवारी, आठव्या दिवशी, मी लाल पेटी परत द्यायला सेंटरमध्ये गेले. तिथल्या मुख्य बाई ओल्या हातांनी बाहेर आल्या, पेटीकडे बघितलं आणि आधी तिच्यावर हात ठेवला, मग माझ्या खांद्यावर.

"डॉक्टर कसे आहेत? आम्हाला सगळ्यांना यायचं होतं गं. ते बोटं वाकडी असलेले आजोबा तर टॅक्सी बोलवून बसले होते. पण रेडिओवर ऐकलं, घर खाजगी. तुमच्यात तशी पद्धत असेल म्हणून मीच त्यांना परत आत बसवलं. बरोबर केलं ना?"

मी मान हलवली. 'हो' म्हणून.

"सोमवारी अकरा वाजता इथेच तासभर बसणार आहोत. अकराही घरं येताहेत, गाड्यांची सोय केली आहे. डॉक्टरांना जमेल तर यावं. नाही जमलं तरी समजू." त्यांनी पाकीट दिलं. "तू देशील ना त्यांच्या हातात?"

मी ते दिलं नाही. पाकीट द्यायचं तर काका विचारणार, मग आले का नाहीत हे लोक, आणि मला सांगावं लागणार. गुरुवारी वाटलं, शुक्रवारी देऊ. शुक्रवारी आत्यांच्या गुडघ्याचं निघालं. शनिवारी काका कपाट आवरत होते. काकूंच्या पर्समध्ये फडक्यात गुंडाळलेली सुरी आणि काटा सापडला तेव्हा त्यांनी मला हाक मारून विचारलं, "ही कशाला ठेवायची पर्समध्ये?" मला माहीत होतं. मी म्हटलं, "फळं कापायला असेल."

ते त्यांनाही सांगितलं नव्हतं काकूंनी. आणि मी तेही झाकून ठेवलं.

*

त्या रविवारी मी टोपली पायरीवर ठेवून तशीच बसलेली असताना काका बाहेर आले. मी ऐकलं असेल हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"तू गेली होतीस ना एकदा तिच्याबरोबर? त्या घरांना?"

"हो."

"कशी होती माणसं?"

"चांगली होती."

"हं." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "तिला वाटायचं तसं. मला ती रोज सांगायची, हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. मी पेपर वाचत ऐकायचो. मला वाटलं होतं, निदान दोघंतिघं..." त्यांनी चष्मा परत घातला. मग आवाज बदलून म्हणाले, "तो शेजाऱ्यांचा टार्टचा डबा धुऊन ठेवलाय ताईनं. देऊन ये."

आत्या आतून म्हणाल्या, "रिकामा नको नेऊ बाई. मूठभर साखर तरी टाक."

"काही टाकायचं नाही," काका म्हणाले. "आणि बेल वाजवू नकोस. त्यांनी ठेवला तसाच दारात ठेव आणि ये."

मी डबा घेऊन निघाले. आमच्या फाटकापासून त्यांचं फाटक वीस पावलांवर. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बेल वाजवू नकोस असं सांगितलं होतं, मला हवं होतं तेच. त्यांच्या खिडकीत दिवा होता. पडद्यामागे शेजारच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पटकन मागे सरकल्या, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी उंबऱ्याशी वाकले. डबा फरशीला टेकला. झाकणावर टेपची एक पट्टी होती, त्यावर निळ्या पेनाने इंग्रजीत फक्त एक ओळ लिहिलेली, अक्षर थरथरतं. 'अंडं नाही. तिने शिकवलं तसं.' आत्यांनी डबा धुतला, पण झाकण वरवरच पुसलं होतं.

इतके दिवस ते झाकण आमच्या ओट्यावर पडून होतं आणि आम्ही कुणी वाचलं नव्हतं.

मी डबा उचलला आणि परत आले. काका दारातच उभे होते. मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवायला लागले, मग ते सोडून दिलं.

"काय झालं? घरी नाहीत का?"

"आहेत," मी म्हटलं. "सगळे आहेत, काका. अकराच्या अकरा घरं. ते येणार होते. मी त्या सूचनेत लिहायला सांगितलं, घरी येऊ नका म्हणून. तुम्हाला न विचारता. मला दार उघडायची भीती वाटली."